दवाखान्यातला कॉम्प्युटर बंद पडला तर: छोट्या हॉस्पिटलसाठी तयारीचा आराखडा

सोमवार, आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. ओपीडीच्या बाकांवर चाळीसेक माणसं बसलेली, आणि पावणेदहाला रिसेप्शनवरचा कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. हार्ड डिस्क गेली होती, पण ते आम्हाला कळलं संध्याकाळी. त्या वेळी माझ्यासमोर साठीच्या एक काकू बसल्या होत्या. लघवीला जळजळ, अंगात ताप. मी विचारलं, "काकू, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?" त्या म्हणाल्या, "आहे ना. ती पांढरी गोळी. मागच्या वेळी अंगभर चट्टे उठले होते. तुम्हीच लिहून ठेवलंय की कॉम्प्युटरात."

पांढऱ्या गोळ्या शेकड्यांनी आहेत. आमच्या जुन्या सिस्टरना आठवलं की काकूंना सल्फाची रिॲक्शन आली होती, म्हणून निभावलं. त्या दिवशी सिस्टर रजेवर असत्या तर मी कदाचित तीच गोळी पुन्हा लिहिली असती. हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

संध्याकाळी दुसरा धक्का बसला. रोज रात्री आपोआप बॅकअप व्हायचा, "बॅकअप पूर्ण" असा संदेशही दिसायचा. प्रत्यक्षात पाच महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली तेव्हा डेटा ठेवण्याचा फोल्डर बदलला होता आणि बॅकअप मात्र इमानेइतबारे जुन्याच फोल्डरची नक्कल करत राहिला होता. पाच महिन्यांच्या नोंदी गेल्या.

हे फक्त छोट्या गावात होतं असं नाही. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे तिथलं नोंदणीचं, रिपोर्टचं काम कागदावर चाललं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर कोलमडले, तेव्हा इंग्लंडमधल्या अनेक जीपी (तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या) दवाखान्यांत डॉक्टरांना पेशंटच्या नोंदी उघडता येईनात. तिथे तर कुणी हल्लाही केला नव्हता. मोठं असो वा छोटं, अशा वेळी सगळ्यांना कागदावरच यावं लागतं. कागद कुठे आहे, त्यावर कुणी काय लिहायचं आणि ते परत कॉम्प्युटरमध्ये कसं न्यायचं, हे आधी ठरलेलं असेल तर पेशंटला झळ लागत नाही. पुढचा आराखडा पाच ते तीस खाटांचं हॉस्पिटल किंवा एक-दोन डॉक्टरांचा दवाखाना डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे.

आधी ठरवा: कुठलं काम किती वेळ थांबू शकतं

एक दुपार काढून रिसेप्शनिस्ट, सिस्टर, मेडिकलवाला, लॅबवाला आणि डॉक्टर एकत्र बसा. कॉम्प्युटरवर होणारं प्रत्येक काम कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे दोन प्रश्नांची उत्तरं द्या. हे काम किती वेळ थांबलं तर चालेल? आणि यातल्या किती वेळच्या नोंदी कायमच्या गेल्या तर चालेल?

आमच्याकडे असं ठरलं. कॅज्युअल्टी आणि ॲडमिट पेशंटची औषधं एक मिनिटही थांबणार नाहीत. ओपीडीचे नंबर दहा मिनिटं थांबतील. डिस्चार्जचं बिल दोन तास थांबेल, नातेवाईक कुरकुरतील तेवढंच. विम्याचे कागद एक दिवस थांबू शकतात. स्टॉक आणि हिशोब तीन दिवस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळ्यांनी एकच दिलं: फार तर एका दिवसाच्या. म्हणजे बॅकअप रोज हवा, आठवड्यातून एकदा चालणार नाही. बॅकअपवर किती खर्च करायचा हेही यावरूनच ठरतं.

बंद पडण्याचे प्रकारही वेगळे काढा, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे. लाईट गेली, इंटरनेट गेलं, एकच कॉम्प्युटर बिघडला, सॉफ्टवेअर कंपनीचाच सर्व्हर बंद आहे, किंवा डेटा गेला अथवा पैसे उकळण्यासाठी कुणी तो कुलूपबंद केला. पहिल्या चारांत वाट बघता येते. शेवटच्यात वाट बघत बसलात तर नुकसान वाढतं.

लाल पेटी

आमच्याकडे तिला लाल पेटी म्हणतात, कारण ती लाल आहे. पत्र्याची साधी पेटी. आत काय असावं ते सविस्तर सांगते, कारण सगळी मदार हिच्यावर आहे.

छापील कोरे केसपेपर, किमान दोन दिवसांच्या ओपीडीला पुरतील इतके. त्यांवर आधीच क्रमांक छापून घ्या आणि क्रमांकाच्या आधी एक अक्षर टाका, उदाहरणार्थ क-००१, क-००२. कॉम्प्युटरचे नंबर आणि कागदाचे नंबर यांची गल्लत होऊन दोन पेशंट एकाच नंबरवर चढण्याचा धोका या एका अक्षराने टळतो. केसपेपरच्या डोक्यावर नाव, वय, गाव, मोबाईल नंबर आणि ठळक चौकटीत ॲलर्जी. ही चौकट कोरी सोडायची नाही. ॲलर्जी नसेल तर "नाही" लिहायचं, पेशंटला ठाऊक नसेल तर "माहीत नाही" लिहायचं.

कार्बन लावून दोन प्रती निघतील असं क्रमांकित पावती पुस्तक. ॲडमिट पेशंटचे औषध-तक्ते आणि टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट. डिस्चार्ज कार्डाचे कोरे नमुने. तपासण्यांचे फॉर्म. दरपत्रकाची छापील प्रत, नाहीतर प्रत्येक बिलाला रिसेप्शनिस्ट डॉक्टरांकडे पळत येते. शिक्का, शाईचं पॅड, पेनं, कॅल्क्युलेटर, टॉर्च आणि चार्ज केलेली पॉवर बँक.

सोनोग्राफी मशीन असेल तर गर्भवतीच्या सोनोग्राफीची नोंद ठेवणाऱ्या फॉर्म एफच्या कोऱ्या प्रती हव्यातच. कॉम्प्युटर किंवा वेबसाइट बंद होती हे कारण पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदानाला बंदी करणाऱ्या) कायद्यापुढे टिकणार नाही. गर्भवतीची तपासणी करण्याआधी फॉर्मचा त्याआधी भरायचा भाग पूर्ण आणि त्यावरच्या सह्या झालेल्या हव्यात. मासिक अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत द्यावा लागतो आणि कागद दोन वर्षं जपावे लागतात. तिथे एक रकाना रिकामा राहिला तरी डॉक्टरवर खटला उभा राहू शकतो. म्हणून हा फॉर्म गडबडीत भरू नका. तातडी नसलेली तपासणी सरळ दुसऱ्या दिवशी ठेवा.

फोन नंबरांची यादीही आत असू द्या: सॉफ्टवेअर कंपनी आणि आपला ग्राहक क्रमांक, इंटरनेटवाला, हार्डवेअरवाला, जनरेटरवाला, इलेक्ट्रिशियन, लॅब, ब्लड बँक, जवळचं मोठं हॉस्पिटल. नंबर फक्त मोबाईलमध्ये असतील तर तो मोबाईल ज्याचा, तो माणूस घरी गेला की यादीही गेली.

पेटीतली सगळ्यांत मोलाची वस्तू मात्र रोज बदलते. रोज संध्याकाळी सात वाजता रिसेप्शनिस्टने दोन पानं छापून पेटीत ठेवायची. एकावर उद्याच्या अपॉइंटमेंट. दुसऱ्यावर ॲडमिट असलेल्या प्रत्येकाचं नाव, खाट, निदान, चालू औषधं, ॲलर्जी. कालची पानं फाडून टाकायची. या कामाला तीन मिनिटं लागतात. रात्री दोनला सर्व्हर गेला तरी सिस्टरच्या हातात वॉर्डचं चित्र असतं.

ॲलर्जी पेशंटच्या हातात द्या

त्या काकूंच्या प्रसंगानंतर आम्ही जाड पुठ्ठ्याचं एक छोटं कार्ड छापून घेतलं. आधार कार्डाएवढं. त्यावर नाव, रक्तगट, मोठे आजार, रोजची औषधं आणि लाल शाईत ॲलर्जी, तीही औषधाच्या मूळ नावाने आणि मराठीत. "सल्फाची गोळी चालत नाही" असं. आमचा कॉम्प्युटर बंद असो, पेशंट रात्री दुसऱ्या गावी ॲडमिट होवो, कार्ड त्याच्या पाकिटात असतं. ज्यांचं आभा (सरकारी डिजिटल आरोग्य) खातं आहे आणि नोंदी जोडलेल्या आहेत, त्यांना मोबाईलवरही काही सापडेल. पण आमच्याकडे येणाऱ्या आजी-आजोबांच्या हातात साधा फोन असतो, म्हणून पुठ्ठा हवाच. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

पहिली दहा मिनिटं

स्क्रीन थांबली की रिसेप्शनिस्टने घड्याळ बघून वेळ लिहायची. स्क्रीनवर काही संदेश असेल तर मोबाईलने फोटो काढायचा. एकदाच रीस्टार्ट करून बघायचं, दुसऱ्यांदा नाही. ज्या डिस्कमधून खरखर आवाज येतो ती पुन्हापुन्हा चालू केली तर उरलासुरला डेटाही जातो.

दहा मिनिटांत सुरू झालं नाही तर "आता कागदावर" असं जाहीर करण्याचा अधिकार रिसेप्शनिस्टलाच द्या, डॉक्टरांना विचारायची गरज नको. आमच्याकडे पूर्वी सगळे माझ्या होकाराची वाट बघायचे, मी आत ड्रेसिंग करत असायचे, आणि बाहेर अर्ध्या तासात भांडणं लागायची. आता रिसेप्शनिस्टच पेटी उघडते, मेडिकल आणि लॅबला फोन करते आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते: "आज कॉम्प्युटर बंद आहे. नंबर आलात तसेच लागतील. जुनी फाईल, गोळ्यांची पाकिटं जवळ असतील तर हातात काढून ठेवा. ज्यांना दम लागतोय, छातीत दुखतंय, लहान बाळ आहे, त्यांनी आत्ता पुढे यावं." यातलं शेवटचं वाक्य भिंतीवर लिहून ठेवण्याजोगं आहे. गोंधळात सर्वांत आजारी माणूस बहुधा गप्प बसलेला असतो.

कागदावरचं उपचाराचं काम

कॉम्प्युटरवर काम करून करून आपण काही गोष्टी यंत्रावर सोडलेल्या असतात. जुनं प्रिस्क्रिप्शन उघडून "तेच पुन्हा" दाबण्याची सवय, लहान मुलांच्या डोसचा हिशोब, दोन औषधं एकमेकांशी जुळत नाहीत ही सूचना. कागदावर यातलं काहीच नसतं. म्हणून त्या दिवशी मुलांचं वजन केसपेपरवर लिहिल्याशिवाय औषध लिहायचं नाही. औषधाचं मूळ नाव मोठ्या, सुट्ट्या अक्षरांत लिहायचं. मेडिकल कौन्सिलच्या नियमांत हे २०१६ पासून आहेच. "एक मिग्रॅ" लिहिताना एकापुढे टिंब आणि शून्य नको, घाईत ते दहा वाचलं जातं. रक्त पातळ करणारी औषधं, इन्सुलिन, फिटची औषधं चालू असलेल्या पेशंटना जुनी पाकिटं बघितल्याशिवाय नवं काही देऊ नका. पाकिटं घरी असतील तर घरी फोन लावून नावं वाचून घ्या.

लॅबचा रिपोर्ट फोनवर घ्यायची वेळ आली तर घेणाऱ्याने पेशंटचं पूर्ण नाव, वय आणि आकडा लिहायचा, परत वाचून दाखवायचा, आणि सांगणाऱ्याचं नाव व वेळ शेजारी टाकायची. पोटॅशियम ३ पूर्णांक ५ आणि ५ पूर्णांक ३ यांतला फरक जिवाशी असतो. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवावा लागलाच तर तो डॉक्टरांच्याच फोनवर मागवा, स्टाफच्या ग्रुपवर नको. काम झालं की पुसून टाका.

सरकारी योजनेतला किंवा विम्याचा पेशंट आणि पोर्टल उघडत नाही, असं झालं तर पहिले उपचार सुरू करा. महात्मा फुले योजनेत आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधल्या योजनेच्या प्रतिनिधीला) लगेच कळवा, विम्यात टीपीएच्या (क्लेम हाताळणाऱ्या मधल्या कंपनीच्या) हेल्पलाइनला, आणि कुणाशी किती वाजता बोललात ते इनडोअर पेपरवर लिहा. पुढे क्लेम अडला तर हीच ओळ कामाला येते.

लाईट आणि इंटरनेट

यावर थोडक्यात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली होती. तिथे हे होऊ शकतं, तर तालुक्याच्या गावी पावसाळ्यात होणारच. इन्व्हर्टर असला तरी सर्व्हरला आणि राउटरला वेगळा यूपीएस लावा. इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर वीज तुटते आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद होऊ शकतो. छोट्या यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. बसवल्याची तारीख त्यावर मार्करने लिहा. यूपीएसचा उपयोग सगळं नीट सेव्ह करून बंद करण्यापुरता धरा, दिवसभर काम रेटायला नाही. इंटरनेटसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक फोन हॉस्पिटलच्या नावे ठेवा आणि महिन्यातून एकदा हॉटस्पॉट लावून बघा.

बॅकअप: खरी परीक्षा परत उघडण्याची

जुना, साधा नियम आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक हॉस्पिटलच्या बाहेर. आमच्याकडे मूळ डेटा सर्व्हरवर, दुसरी प्रत बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर, तिसरी पासवर्ड लावून क्लाउडवर. अशा डिस्का दोन आहेत, "सम" आणि "विषम" अशी नावं दिलेल्या. सम तारखेला एक जोडायची, विषम तारखेला दुसरी. काम झालं की काढून कपाटात. कायम जोडलेली डिस्क हा बॅकअप धरू नका, कारण कॉम्प्युटरवर हल्ला झाला की तीही त्याच क्षणी कुलूपबंद होते.

"बाहेर" म्हणजे कुठे, यावरही विचार करा. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा तळमजले बुडाले. हॉस्पिटल नदीकाठी आणि डॉक्टरांचं घर त्याच गल्लीत असेल तर घरी नेलेली डिस्कही बुडते. सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तो आधी वर हलवा. जागाच नसेल तर निदान भिंतीवर उंच फळी मारा.

आता तपासणी. दर तीन महिन्यांनी एका रविवारी आम्ही बॅकअप एका वेगळ्या, जुन्या लॅपटॉपवर उघडतो. पाच पेशंट निवडतो: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक वर्षापूर्वीचा, एक ॲडमिट असलेला, एक ज्याच्या नोंदीत फोटो किंवा रिपोर्ट जोडलेला आहे असा. पाचही नोंदी पूर्ण दिसल्या तर तारीख आणि सही रजिस्टरमध्ये. आधीच्या पाच महिन्यांत आम्ही हे एकदा जरी केलं असतं तर कालच्या पेशंटचं नाव सापडलं नसतं आणि चूक तिथेच उघडी पडली असती. मधल्या काळात रोज बॅकअप फाईलचा आकार बघायचा. नोंदी वाढताहेत आणि आकार मात्र महिनाभर तोच आहे, तर काहीतरी बिघडलंय.

लॅपटॉपवर सॉफ्टवेअर चालण्यासाठी लायसन्स किंवा डोंगल (सॉफ्टवेअर चालू करणारी, कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) लागतं का, हे आधीच विचारून घ्या. डेटा हातात आणि तो उघडायला डोंगल नाही, ही अडचण भल्याभल्यांना शेवटच्या क्षणी कळते. क्लाउडवरचं सॉफ्टवेअर असेल तर कंपनीकडून लेखी उत्तरं मागा: तुमचा सर्व्हर बंद असताना आमच्या नोंदी कुठे दिसतील? आमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये किंवा पीडीएफमध्ये आम्हाला स्वतः उतरवून घेता येतो का? करार संपला तर किती दिवसांत मिळेल? टाळाटाळीची उत्तरं मिळाली तर दुसरी कंपनी बघा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, तारीख टाकून, तिजोरीत. तो एकाच माणसाच्या डोक्यात राहू नये.

कुणी डेटा कुलूपबंद केला तर

फाईली उघडत नाहीत, त्यांची नावं विचित्र झालीत, पैसे मागणारा संदेश आलाय. अशा वेळी सर्वप्रथम नेटवर्कची वायर उपटा आणि वायफाय बंद करा, सगळ्याच कॉम्प्युटरांचं. बॅकअपची डिस्क जोडायची अनावर इच्छा होते. जोडू नका, तीही जाईल. फॉरमॅट करू नका, पुरावा पुसला जातो. संदेशाचा फोटो काढा. १९३० या हेल्पलाइनवर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं असतं. पैसे भरून डेटा परत मिळेलच याची कसलीही खात्री नाही, आणि जाणकाराने मशीन साफ केल्याशिवाय बॅकअप परत चढवायचा नाही.

मे २०१७ च्या वॉनाक्राय या अशाच डेटा कुलूपबंद करणाऱ्या हल्ल्यात इंग्लंडमधले ५९५ जीपी दवाखाने सापडले होते. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेलं होतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तुमच्या रिसेप्शनवर तेच असेल तर बदलायची किंवा वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची व्यवस्था लगेच करा. आणि ज्या कॉम्प्युटरवर पेशंटचा डेटा आहे त्यावर कुणाचाही पेन ड्राइव्ह नको.

कागदावरून परत

कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यांना हायसं वाटतं आणि कागदांचा गठ्ठा कोपऱ्यात पडून राहतो. यासाठी माणूस आणि मुदत आधीच ठरवा. आमच्याकडे ॲडमिट पेशंटच्या नोंदी त्याच दिवशी, ओपीडीच्या ४८ तासांत.

आधी क्रमांक जुळवायचे. क-००१ ते क-०४७ निघाले तर सत्तेचाळीस कागद हातात हवेत. फाटलेला, रद्द झालेला कागदही "रद्द" लिहून गठ्ठ्यात. पावत्यांची बेरीज आणि गल्ल्यातली रक्कम त्याच रात्री. नोंद करताना तपासणीची खरी तारीख-वेळ टाकायची आणि शेजारी "कागदावरून नंतर भरले" असं लिहून भरणाऱ्याचं नाव. मागची तारीख टाकून लपवाछपवी नको. कोर्टात ती फार वाईट दिसते. ॲलर्जी, औषध आणि डोस या तीन गोष्टी दुसऱ्या माणसाने कागदाशी ताडून बघायच्या. कागद फाडायचे नाहीत. मूळ नोंद तीच आहे. ॲडमिट पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि पेशंटने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. मेडिकलमध्ये शेड्यूल एच१ ची (विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणारी) औषधं गेली असतील तर त्यांच्या नोंदी त्या रजिस्टरमध्ये चढल्यात का तेही बघा.

रंगीत तालीम

वर्षातून दोनदा, गर्दी कमी असेल अशा दुपारी, कुणाला आधी न सांगता रिसेप्शनच्या कॉम्प्युटरची वायर काढा आणि तासभर कागदावर काम चालवा. एक तालीम रात्रपाळीत घ्या.

आमच्या पहिल्या तालमीत पेटीच्या कुलुपाची किल्ली रजेवर गेलेल्या सिस्टरच्या पर्समध्ये निघाली. कुलूप काढून टाकलं, आता फक्त कडी आहे. दुसऱ्यांदा कळलं की संध्याकाळच्या पानांवरची अक्षरं इतकी बारीक होती की वॉर्डमधल्या मावशींना टॉर्चच्या उजेडात खाटेचा नंबर वाचता येईना. अक्षर मोठं केलं. गेल्या तालमीत रात्री अकराला नव्या सिस्टरने पेटी शोधायला नऊ मिनिटं घेतली, कारण रिसेप्शनची खोली दहा वाजता बंद होते. दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी कॅज्युअल्टीत, ऑक्सिजन सिलिंडरच्या शेजारच्या फळीवर हलवली आणि झाकणावर पुढच्या तालमीचा महिना लिहून ठेवला.